भावाला दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवलं, कागद एकही नाही. सरकारवर दावा लावता येतो का?

करवीरची लेक
नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच.

माझा धाकटा भाऊ, वय २४, गुळाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. गेल्या महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यातले दोघंजण साध्या कपड्यांत घरी आले. "पाच मिनिटं चल, विचारायचंय." ती पाच मिनिटं गुरुवारी रात्री साडेनऊला संपली. मोबाईल काढून घेतला, कमरेचा पट्टा काढून घेतला. कुठल्याशा डिझेलचोरीतल्या टेम्पोचा नंबर ह्याच्या नंबराशी मिळताजुळता होता म्हणे. शेवटी तो टेम्पो दुसराच निघाला. दोन-चार थपडा बसल्या, बाकी दोन्ही रात्री बाकड्यावर बसवून ठेवलं. सोडताना एका कागदावर सही घेतली, काय लिहिलंय ते वाचू दिलं नाही. गुन्हा नाही, अटक दाखवली नाही, कोर्टासमोर नेलं नाही. घरी आला तो अनवाणी, चपला तिथंच राहिल्या.

मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला, तोही ऐन गुऱ्हाळं सुरू व्हायच्या तोंडावर. गल्लीत आता हा 'पोलिसांनी नेलेला'. आई रात्री दाराची कडी दोनदा उठून बघते.

घटनेनं दिलेल्या हक्कांवर गदा आली म्हणून दिवाणी कोर्टात भरपाई मागता येते का? कुणावर दावा लावायचा? एक वकील म्हणाले सोडून द्या, दुसरे म्हणाले थेट हायकोर्ट. डोकं चालेना झालंय.

शिवाजी पेठी
ताई, नाद करू नका. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? पोरगं सुखरूप आलं ना घरी, अंबाबाईची ओटी भरा आणि विसरा. सरकारवर दावा म्हणजे नातवंडांनी तारखा करायच्या.

गुळाची ढेप
पेठी, तुमच्या पोराला असं नेलं तर विसराल का? ताई, भावाला कामावर परत घ्यायला मालकाला मी सांगून बघतो, मार्केट यार्डात ओळख आहे. कायद्याचं इथले वकीलसाहेब सांगतील.

व्यवस्थापक
ठाण्याचं नाव, अधिकाऱ्यांची नावं, गाडीचा नंबर धाग्यात लिहू नये. सल्ला सर्वसाधारण समजावा.

काळा कोट, पांढरी बँड
ताई, आधी एक गोष्ट पक्की करा. दाव्यात वादी तुमचा भाऊ, तुम्ही नाही. सही त्याची, शपथपत्र त्याचं. तो तयार आहे का ते शांतपणे विचारा. बहिणीच्या रागावर दावा सुरू होतो आणि भावाच्या कंटाळ्यावर तो काढून टाकला जातो, हे मी बघितलंय.

हक्क कुठला मोडला? घटनेचे अनुच्छेद २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटक झालेल्याचे हक्क). ठाण्याबाहेर जायची मोकळीक नसेल तर कोर्टाच्या दृष्टीनं ती अटकच, त्यांनी तिला 'चौकशी' म्हटलं तरी. अटक केली तर कारण सांगायला हवं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) ही कलमं ४७ आणि ५८. अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष, हे कलम ३६. हे शेवटचं सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू खटल्यात दिलेल्या ११ निर्देशांतून आलंय. दिलीपकुमार बसूंनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं होतं, निकाल डिसेंबर १९९६ मध्ये लागला.

आता दिवाणी की हायकोर्ट? दोन्ही दारं उघडी आहेत, पण आत गेल्यावरची रीत वेगळी. अनुच्छेद २२६ खाली रिट (हक्क मोडल्याबद्दलची थेट याचिका) केलं तर हायकोर्ट भरपाई देऊ शकतं, मात्र हक्क मोडल्याचं कागदावर ढळढळीत दिसलं पाहिजे. पोलीस म्हणाले 'आलाच नव्हता' आणि तुम्ही म्हणालात 'दोन रात्री होता', तर कोर्ट साक्षीपुराव्याच्या फंदात सहसा पडत नाही. दिवाणी कोर्टात जा म्हणून सांगतं. दिवाणी दाव्यात साक्षीदार येतो, उलटतपास होतो, वेळ लागतो. म्हणून आधी ठरवायचं ते एवढंच: तुमच्या हातात काय आहे?

निवृत्त शिरस्तेदार
वकीलसाहेबांनी तत्त्व सांगितलं, मी टेबलाच्या अलीकडचं सांगतो. ३१ वर्षं फाईलिंगला काढली.

सरकार किंवा सरकारी अधिकारी प्रतिवादी असेल तर दावा कनिष्ठ स्तर कोर्टात घेतच नाहीत. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियमाचं कलम ३२. माझ्या टेबलावरून ह्या एका कारणानं किती दावे परत गेलेत त्याला गणती नाही. आणि प्रतिवादी म्हणून नुसतं 'पोलीस खातं' लिहू नका, 'महाराष्ट्र राज्य' लिहा. घटनेच्या अनुच्छेद ३०० प्रमाणे राज्यावर राज्याच्याच नावानं दावा लागतो. शिवाय ज्यांनी नेलं त्यांना नावानिशी जोडा. नाव ठाऊक नसेल तर हुद्दा आणि वर्णन, नाव मागवून घ्या.

दुसरं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०. दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस. ती राज्याच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना, आणि अधिकाऱ्याला त्याच्या कार्यालयात. नोटिशीत वादीचं नाव, वर्णन, पत्ता, दाव्याचं कारण आणि काय मागणार ते. 'योग्य ती भरपाई' असं मोघम लिहिणाऱ्यांना पुढं वकील शिव्या घालतात, आकडा घाला. दाव्यात 'नोटीस पोचवली' हे वाक्य विसरलं तरी दावा अडतो. हाती नेऊन आवक-जावकला शिक्का घ्या, आणि पोस्टानंही टाका. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा पोस्टात जाऊन 'रजिस्टर एडी द्या' म्हणून भांडू नका. पोच मागायची सोय स्पीड पोस्टात आहे.

सांगलीकर मधू
मी कुठंतरी वाचलंय की सार्वभौम कामासाठी सरकारवर भरपाईचा दावा चालतच नाही? पोलिसांचं काम म्हणजे सार्वभौमच की.

काळा कोट, पांढरी बँड
मधूभाऊ, तुम्ही कस्तुरीलाल खटल्याचा निकाल वाचलाय. गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सप्टेंबर १९४७, फाळणीचे दिवस. अमृतसरच्या पेढीचा एक भागीदार सोनं विकायला मेरठला आला. पोलिसांनी संशयावरून धरलं, शंभर तोळ्यांवर सोनं मालखान्यात जमा केलं. चौकशी संपली, माणूस सुटला, पण सोनं? ज्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात होतं तो ते घेऊन पाकिस्तानात पसार! १९६४ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, हलगर्जी झाली खरी, पण जप्ती हे सार्वभौम काम, सरकार पैसे देणं लागत नाही. आजही सरकारी वकिलाच्या कैफियतीत हा निकाल असतोच.

पण त्यानंतर पुलाखालून पाणी पुष्कळ गेलं. १९९३ च्या निलाबती बेहेरा निकालात स्पष्ट सांगितलं की मूलभूत हक्क मोडल्याबद्दल रिटमध्ये भरपाई मागितली तर सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही. १९९४ च्या नागेंद्र राव निकालात जप्त केलेल्या खताची नासाडी झाली म्हणून राज्याला जबाबदार धरलं. तरी दिवाणी दाव्यात हा मुद्दा सरकार काढणारच, तयारी ठेवा. म्हणून दाव्याची मांडणी 'पोलिसांनी निष्काळजीपणा केला' अशी नको. 'अटकेचा अधिकारच वापरला नाही, कायद्याबाहेर डांबून ठेवलं' अशी हवी. जे काम कायद्यातच नाही ते सार्वभौम कसं?

जर्सीत कोल्हापूरकर
वकीलसाहेब, मी न्यू जर्सीत आहे. इकडं असल्या प्रकाराला लोक सरळ म्हणतात, 'नाईन्टीन एटी-थ्री टाका'. आधी मला वाटायचं साल आहे. ते कलम आहे, अमेरिकन कायद्याच्या ४२ व्या खंडातलं १९८३ वं. मूळ कायदा १८७१ चा, कू क्लक्स क्लॅनचा धुमाकूळ थांबवायला केलेला. राज्याच्या अधिकारानं वागणाऱ्या माणसानं घटनेनं दिलेला हक्क मोडला की त्याच्यावर फेडरल कोर्टात दिवाणी दावा. वकील नसलेल्यांसाठी छापील फॉर्म आहे, तो भरून स्वतः दाखल करता येतो. फी ४०५ डॉलर, ऐपत नसेल तर माफीचा अर्ज. तिथं हे एवढं सोपं, मग आपल्याकडं असं एकच कलम का नाही?

काळा कोट, पांढरी बँड
तुमच्याकडं १९८३ हे कलम, आमच्याकडं १९८३ हे साल! रुदुल साह नावाचा बिहारी कैदी ३ जून १९६८ ला निर्दोष सुटला, पण तुरुंगातून बाहेर पडला १६ ऑक्टोबर १९८२ ला. चौदा वर्षं. ऑगस्ट १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या खंडपीठानं सरळ रिटमध्येच भरपाई द्यायला लावली, आधीचे ५,००० आणि वर ३०,००० रुपये. रक्कम आज हसू येईल अशी आहे, पण पायंडा तिथून पडला.

आणि तुमच्याकडंही सोपं नाही हो. फॉर्म सोपा, दावा नव्हे. पोलीस 'क्वालिफाइड इम्युनिटी' म्हणून उभा राहतो: हा हक्क आधीच्या निकालांतून स्पष्ट ठरलेला होता का, ते दाखवा म्हणतो. राज्य सरकारवर तर तिथं १९८३ लागतच नाही, आणि शहरावर लावायचा तर १९७८ च्या मोनेल निकालाप्रमाणे शहराचं धोरण किंवा रिवाजच तसा होता हे सिद्ध करा. नुसता नोकर चुकला म्हणून मालकाकडून पैसे मिळत नाहीत. आपल्याकडं उलट, पैसे राज्याकडून मागतो आणि हवालदार नामानिराळा राहतो. कुठली रीत बरी ते तुम्हीच ठरवा.

जर्सीत कोल्हापूरकर
खरंय. माझ्या शेजाऱ्याचा दावा त्याच इम्युनिटीवर गेला. मुदतही इकडं जर्सीत दोनच वर्षं.

काळा कोट, पांढरी बँड
मुदतीचं बरं आठवलं. ताई, हे पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं, चूक माझी. बेकायदा डांबून ठेवल्याच्या भरपाईला मुदत कायद्याप्रमाणे एक वर्ष, अनुच्छेद ७३. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ आहे. पोलिसानं कर्तव्याच्या नावाखाली, किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत नसेल तर फेटाळतात. 'हे कर्तव्य नव्हतंच' असं आपण भांडू शकतो, पण ते भांडण मुदतीच्या आत उभं राहून भांडायचं. नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वगळले जातात, तरी त्या भरवशावर राहू नका. एक महिना गेलाय, ह्याच आठवड्यात नोटीस.

शिवाजी पेठी
हे सहा महिन्यांचं माहीत नव्हतं. म्हणजे माणूस घाबरून सावरायच्या आत मुदत संपली. भारीच की.

करवीरची लेक
सगळ्यांचे आभार. भावाशी बोलले. आधी नको म्हणाला, मग चपलांचा विषय निघाला तसा म्हणाला, लाव. (नव्या होत्या, कापशीच्या.)

आमच्याकडं आहे ते असं: माझ्या मोबाईलवर त्याला केलेले १७ कॉल दिसतात. मंगळवारी साडेसातला एक कॉल कुणीतरी उचलला, "साहेब बिझी आहेत" म्हणून ठेवला. नंतर रिंग वाजत राहिली, बुधवारी दुपारनंतर बंद. ठाण्यासमोरच्या चहावाल्यानं त्याला दोनदा आत बघितलंय, पण साक्ष द्यायला तो कशाला येतोय. दवाखान्याचा कागद नाही. हे पुरेल?

काळा कोट, पांढरी बँड
पुरेल की नाही ते सीसीटीव्हीवर. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले: दार, लॉकअप, व्हरांडा, अंमलदाराची खोली. चित्रण १८ महिने ठेवायचं, तशी यंत्रणा मिळत नसेल तर जास्तीत जास्त मिळेल तितकं, पण एक वर्षाच्या खाली नाही. आजच दोन अर्ज करा. एक पोलीस अधीक्षकांना, अमुक तारखांचं चित्रण जतन करा म्हणून. दुसरा माहिती अधिकारात, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: त्या तीन दिवसांची स्टेशन डायरी, भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर, आणि चित्रण. उत्तर नाही आलं तरी चालेल, पोच महत्त्वाची. उद्या ते म्हणाले 'पुसलं गेलं', तर 'जपा म्हणून आम्ही तेव्हाच सांगितलं होतं' हे आपल्या हातात राहतं.

१७ कॉलचे स्क्रीनशॉट काढून फोन जपून ठेवा. मोबाईल कुठल्या टॉवरखाली वाजत होता ते कंपनीकडून कोर्ट मागवू शकतं. त्या दिवसांतल्या सगळ्या वेळा आठवतील तशा एका वहीत लिहून काढा, आत्ताच, एकमेकांना न विचारता. भावानं वेगळं, आईनं वेगळं.

निवृत्त शिरस्तेदार
खर्चाचं कुणी बोललं नाही. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर बसते, तेव्हा ५० लाख मागून रुबाब दाखवू नका. बुडालेला पगार, औषधपाणी, आणि अब्रूची एक रास्त रक्कम. ऐपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा लावता येतो, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. कसबा बावड्यात न्याय संकुलातच चौकशी करा, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

गुळाची ढेप
आणि हायकोर्टच करायचं ठरलं तर? मुंबई?

काळा कोट, पांढरी बँड
मुंबई कशाला आता! १७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरातच हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशीपासून कामकाज सुरू. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. सीपीआर हॉस्पिटलसमोर, भाऊसिंगजी रोडवर. चाळीसेक वर्षं वकिलांनी आंदोलनं केली त्यासाठी. मी स्वतः महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून जायचो, सकाळी दादरला तोंड धुवायचं, आणि दुपारी 'नॉट रीच्ड', म्हणजे आज पाळी आली नाही, एवढं ऐकून परत. पक्षकाराचा खर्च एका तारखेला निम्म्या पगाराएवढा व्हायचा. आता पक्षकार डबा घेऊन येतो आणि संध्याकाळी धार काढायला घरी.

शिवाजी पेठी
मानवी हक्क आयोगाचं काय? तिथं फी नाही म्हणतात.

काळा कोट, पांढरी बँड
नाही. साध्या कागदावर तक्रार चालते, एका वर्षाच्या आत. पण आयोग शिफारस करतो, हुकूमनामा देत नाही. आणि आयोगाकडं अर्ज टाकून वाट बघत बसलं तरी इकडचे सहा महिने थांबत नाहीत.

करवीरची लेक (सात आठवड्यांनी)
मंडळी, उशीर झाला. नोटीस दिली, जिल्हाधिकारी कार्यालयाचा शिक्का आहे, ठाण्याचाही आहे (तिथं शिक्क्यासाठी दीड तास उभं केलं). भावाला गुळाच्या ढेप दादांच्या ओळखीनं काम लागलं, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

माहिती अधिकाराचं उत्तर काल आलं. दोन ओळी. "सदर इसम मंगळवारी चौकशीकामी ठाण्यात हजर होऊन एक तासात स्वखुशीने निघून गेला. चित्रण तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही."

मी आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. थांबली आणि म्हणाली, "तासात गेला? मग माझा डबा तितं कसा?"

मला हे माहीतच नव्हतं! बुधवारी दुपारी आणि बुधवारी रात्री, दोनदा ती डबा घेऊन गेली होती. दुपारचा डबा रिकामा परत मिळाला. रात्रीचा तीन ताळी स्टीलचा डबा एका जाडसर, मिशीवाल्या हवालदारानं दारातच घेतला, तो अजून आलेला नाही. झाकणावर आजोबांचं नाव कोरलंय, आईच्या लग्नातला.

निवृत्त शिरस्तेदार
भले! भांड्यावरचं नाव. आमच्या वेळी भाऊबंदकीच्या वाटणीदाव्यांत ह्यावर अख्खे निकाल लागलेत.

काळा कोट, पांढरी बँड
घाई नको. डबा एकटा काही सिद्ध करत नाही, ते म्हणतील कुणीतरी विसरला. पण त्यांनी स्वतः लेखी दिलंय की मंगळवारी एक तास. मग बुधवारी रात्री त्याच्यासाठी जेवण घेतलं कुणी आणि का? हा प्रश्न उलटतपासात विचारायचा आहे, म्हणून आत्ता ठाण्यात जाऊन डबा मागू नका. मागितलात तर उद्या तो तिथं नसेल.

चित्रण नाही म्हटल्यावर हायकोर्टाचं दार तूर्त बाजूला. हे दिवाणीतच लढू, साक्षीवर. काकू मुख्य साक्षीदार. किती वाजता गेल्या, दारात कोण होतं, डब्यात काय होतं, सगळं शपथपत्रात.

निलाबती बेहेराचं नाव मी वर घेतलं, त्याची सुरुवातही आईनंच केली होती. १ डिसेंबर १९८७ ला ओडिशात २२ वर्षांच्या सुमनला पोलिसांनी नेलं, दुसऱ्या दिवशी तो रुळांवर मेलेला सापडला. आईनं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, तेच रिट धरलं गेलं. दीड लाख भरपाई झाली. पोलीस म्हणत होते, पोरगा रात्री पळून गेला होता. तुमचा भाऊ घरी आलाय ताई, त्याच्या तोंडून सगळं ऐकता येतंय, हे विसरू नका.

शिवाजी पेठी
ताई, पहिल्या प्रतिसादाबद्दल माफी. चहावाला माझ्या मावसभावाच्या गल्लीतला निघाला. बोलतो मी त्याच्याशी. दबाव नाही, नुसता चहा.

करवीरची लेक
वकीलसाहेब, आईचं म्हणणं काल लिहून घेतलं. ती म्हणते "मी डबा घिऊन गेलो". टायपिस्टनं 'गेले' केलं तर चालेल का?

काळा कोट, पांढरी बँड
अजिबात नको. 'गेलो'च राहू दे. उलटतपासात त्या 'गेलो'च म्हणणार, आणि न्यायाधीश कोल्हापुरात नवे असले तर मी समजावून सांगेन. डब्यात काय होतं ते विचारलंत का?

करवीरची लेक
वांग्याची भाजी, तीन भाकरी, खर्डा. आणि आई म्हणते साक्ष देते, पण निकालात डबा परत द्यायचं लिहून घ्या.